झोपेतला ईईजी सांगितलाय? जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

मुलाच्या फाइलमध्ये नुकतंच एखाद्या जनुकाचं किंवा जनुकीय आजाराचं नाव आलेल्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. ग्रिन-टू-ए, सिनगॅप-वन, एससीएन-टू-ए, किंवा अँजलमन, रेट, फ्रॅजाइल एक्स, ट्यूबरस स्क्लेरोसिस असं काहीतरी. मूल उशिरा बसलं, उशिरा बोललं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. मग एक दिवस न्यूरॉलॉजिस्ट सांगतात, ‘झोपेतला ईईजी काढून या.’ (ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख.) आणि घरी येईपर्यंत मनात एकच प्रश्न घोळत असतो: याला फिट तर येत नाही, मग हे कशाला?

मी लहान मुलांचे ईईजी काढते. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. औषध कोणतं आणि किती, हे सांगणं माझं काम नव्हे. पण एक गोष्ट मी भेटेल त्या पालकांना सांगते. मूल आधी जे करत होतं ते करेनासं झालं, तर ‘त्याचा आजारच तसा आहे’ असं म्हणून थांबू नका. झोपेतला ईईजी झालाय का, कधी झालाय, हे विचारा. जनुकातला बदल पुसता येत नाही. पण त्या बदलामुळे झोपेत मेंदूत चाललेली गडबड काही मुलांमध्ये कमी करता येते, आणि त्यासाठी ती आधी सापडावी लागते.

झोपेत नेमकं काय बिघडतं

मूल गाढ झोपलं की मेंदूत मोठ्या, संथ लहरी उठतात. मेंदूत खोलवर असलेला थॅलॅमस आणि मेंदूचा बाहेरचा थर मिळून त्यांची लय सांभाळतात. दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं आणि नको ते सैल करण्याचं काम याच वेळात होतं असं संशोधक मानतात. एरवी या लहरी रात्रीच्या सुरुवातीला जोरात असतात आणि पहाटेपर्यंत उतरत जातात. झुरिकच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की ज्या मुलांच्या झोपेत सतत स्पाइक, म्हणजे आलेखावरची अणकुचीदार टोकं, येत असतात, त्यांच्यात हा उतार नीट पडतच नाही. दुकान बंद करून हिशेबाला बसावं आणि कुणीतरी रात्रभर दारावरची बेल वाजवत राहावं, तसं काहीसं त्या मेंदूचं होतं.

स्पाइक म्हणजे पेशींचा एक मोठा समूह एकदम उसळल्यावर आलेखावर दिसणारं टोक. त्याच्यामागून बहुतेक वेळा एक संथ लाट येते, म्हणून रिपोर्टमध्ये ‘स्पाइक-वेव्ह’ असा शब्द दिसतो. काही मुलांमध्ये जागेपणी हे स्पाइक तुरळक असतात आणि गाढ झोप लागली की जवळजवळ सलग होतात, सेकंदाला साधारण दीड ते दोन. स्वप्नं पडतात त्या झोपेत ते पुन्हा विरळ होतात. पात्री, ल्यागूबी आणि तासिनारी या तिघांनी १९७१ मध्ये सहा मुलांमध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. मूल शांत झोपलेलं, अंगाला झटका नाही, आणि कागदावर मात्र रात्रभर वादळ.

रिपोर्टमध्ये यासाठी वेगवेगळी नावं येतात. जुन्या कागदांवर ईएसईएस किंवा सीएसडब्ल्यूएस असेल. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला ‘स्वास’ (झोपेत उसळणारे स्पाइक-वेव्ह) म्हणतात. मुलाची वाढ आधी व्यवस्थित होती आणि मग घसरली, तर ईई-स्वास. वाढ आधीपासूनच मागे होती आणि त्यात आणखी घसरण झाली, तर डीईई-स्वास. जनुकीय आजार असलेली बरीचशी मुलं या दुसऱ्या गटात येतात आणि नेमकी तीच नजरेतून निसटतात, कारण आधीच मागे असलेलं मूल आणखी मागे गेलं हे कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. घसरण मुख्यतः भाषेतच झाली असेल तर लांडाउ-क्लेफ्नर सिंड्रोम हे नाव ऐकू येईल. ते वर्णन १९५७ पासूनचं आहे.

ग्रिन-टू-ए आणि या सगळ्याचा संबंध २०१३ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक-गटांनी एकाच सुमारास दाखवला. हे जनुक पेशींमधला निरोप स्वीकारणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचा एक भाग बनवतं. भाषा आणि झोपेतले स्पाइक या दोन्हींशी एकाच वेळी जोडलेलं हे पहिलं ठळक जनुक. पण प्रत्येक वेळी कारण जनुकातच असतं असं नाही. जन्माच्या वेळी थॅलॅमसला इजा झालेल्या मुलांमध्येही हाच आलेख दिसतो. म्हणून डॉक्टर बाळंतपणाबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा वैतागू नका.

बाकी आजारांचं चित्र एकसारखं नसतं. अँजलमनमध्ये मोठमोठ्या संथ लहरी जागेपणीही दिसतात आणि बहुतेक मुलांना कधी ना कधी फिट येतात. ही मुलं झोपतातही कमी. रेट आणि फ्रॅजाइल एक्समध्ये डोक्याच्या मधल्या-बाजूच्या भागातले स्पाइक झोपेत वाढलेले दिसू शकतात. सिनगॅप-वनच्या काही मुलांना जेवताना, घास चावताना फिट येते. तुमच्या मुलाच्या आजारात काय अपेक्षित आहे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या. म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर प्रत्येक शब्दाला दचकायला होणार नाही.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर आधी हे

बाळ झोपेतून उठलं की लागोपाठ दचकल्यासारखं करतंय, दर काही सेकंदांनी हात पसरतंय, मान पुढे टाकतंय, पोटाशी दुमडतंय, आणि असं पाच-दहा वेळा एकापाठोपाठ होतंय? घरात याला पोटात गॅस झालाय, दचकलंय, नजर लागलीय असं म्हटलं जातं. ते इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळांना येणाऱ्या एका प्रकारच्या फिट, असू शकतात. हे स्पाझम झोपेतून जागं होताना येण्याची खोडच आहे, आणि ईईजीतला गोंधळ, ज्याला हिप्सअरिदमिया म्हणतात, तो झोपेत जास्त ठळक दिसतो. ट्यूबरस स्क्लेरोसिस, डाउन सिंड्रोम, सीडीकेएल-फाइव्ह अशा आजारांत याचा धोका जास्त.

यात अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, बाळाचे डोळे आणि हात दोन्ही दिसतील असा, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उपचाराला उशीर झाला की पुढच्या वाढीवर परिणाम होतो, हे या आजाराबाबत पक्कं ठाऊक आहे. असं बाळ आलं की आम्ही झोप आणि त्यानंतरचं जागं होणं, दोन्ही एकाच ईईजीत घेण्याचा प्रयत्न करतो.

घरी काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं

झोपेतले सततचे स्पाइक साधारण दोन ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतात, चार-पाच वर्षांच्या आसपास सर्वांत जास्त. या वयात पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

येत असलेले शब्द गळणं. हाक मारली तर न वळणं. घरच्यांना वाटतं, ऐकू कमी येतंय. अशा वेळी कानाची तपासणी करायचीच, पण ती नॉर्मल आली म्हणून ‘मग हट्टी झालाय’ असा निष्कर्ष काढायचा नाही. कान ठीक असताना मूल बोलण्याचा अर्थच लावू शकत नसेल, तर तो प्रश्न मेंदूचा आहे. घरी एक साधी परीक्षा करता येते. मूल पाठमोरं खेळत असताना, हातवारे न करता, नेहमीच्या आवाजात ‘चप्पल घे, बाहेर जाऊ’ म्हणा. आधी या वाक्याला धावत येणारं मूल आता ढिम्म हलत नसेल, पण तुम्ही चप्पल हातात घेतलेली दिसताच उठत असेल, तर ते नीट लिहून ठेवा. तेवढी एक ओळ डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

याशिवाय अचानक वाढलेला चंचलपणा किंवा रागीटपणा, हातातला पेला सुटणं, चालता चालता गुडघ्यातून वाकणं, लाळ वाढणं, शर्टाची बटणं लावता येत होती ती न येणं. शाळेत जाणारं मूल असेल तर बाईंना विचारा. पालकांना रोजच्या सहवासात जे कळत नाही ते शाळेत दिसतं. शक्य असेल तर लेखी दोन ओळी घ्या.

एक काम मात्र आजच करा. मोबाइलमध्ये मुलाचे जुने व्हिडिओ असतातच, वाढदिवसाचे, गणपतीतले, आजीशी बोलतानाचे. ते तारखेसह एका ठिकाणी ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी दोन मिनिटांचा नवा व्हिडिओ घ्या, तेच खेळणं, तीच गोष्ट, तेच गाणं. मूल मागे गेलंय की नाही या प्रश्नावर दवाखान्यात आई एक सांगते, बाबा दुसरं, आजी तिसरं. व्हिडिओ दाखवला की वाद संपतो.

रात्रीचंही बघा. झोपेत दर वेळी त्याच पद्धतीने हात ताठ होणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, घशातून आवाज, लाळ, मग दमून झोपणं, हे फिटचं असू शकतं. झोप लागताना एखादा झटका बसणं बहुधा साधं असतं. रात्रीच्या पहिल्या प्रहरात घाबरून उठणं, रडणं आणि सकाळी काही न आठवणं हेही अनेकदा फिट नसतं. फरक डोळ्यांनी ओळखणं अवघड जातं, म्हणून पुन्हा व्हिडिओच. मूल मोठ्याने घोरत असेल, श्वास अडकत असेल तर तेही सांगा. मोडलेली झोप फिट वाढवते.

फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलमचा नाकातला स्प्रे वापरा आणि दवाखाना गाठा. हा स्प्रे लिहून दिलेला नसेल तर पुढच्या भेटीत त्याबद्दल विचारा.

कोणता ईईजी मागायचा

दिवसा, जागेपणी काढलेला अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला, याचा अर्थ झोपेतला नॉर्मल आहे असा होत नाही. हे वाक्य दोनदा वाचा. मूल मागे जातंय आणि हातात फक्त जागेपणीचा रिपोर्ट आहे, तर तपासणी अर्धीच झाली आहे.

उत्तम म्हणजे रात्रभराचा व्हिडिओ-ईईजी. त्यात गाढ झोपेची पूर्ण आवर्तनं मिळतात आणि मुलाची हालचाल आलेखाशी जुळवून पाहता येते. तो मोठ्या शहरांतच मिळतो आणि खर्चही जास्त. तो जमत नसेल तर निदान नैसर्गिक किंवा औषधाने आलेल्या दुपारच्या झोपेचा, गाढ झोप पुरेशी मिळेल एवढ्या वेळाचा ईईजी तरी व्हावा. अपॉइंटमेंट घेताना स्पष्ट विचारा: झोपेचं रेकॉर्डिंग किती वेळ होणार? व्हिडिओ आहे का? लहान मुलांचे ईईजी वाचणारे डॉक्टर रिपोर्ट देणार का? हे प्रश्न विचारल्याने कुणाला राग येत नाही, निदान येऊ नये.

आदल्या दिवशीची तयारी

माझ्या कामातला निम्मा वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेल. आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. बाळाची टाळू भरायची सवय असेल तर दोन दिवस थांबा. शाम्पूने दोनदा केस धुवा, नंतर कंडिशनर, जेल काही नको, आणि केस पूर्ण वाळू द्या. आम्ही डोक्यावर ठरलेल्या मापाने जागा आखतो, ती त्वचा घासून स्वच्छ करतो आणि पेस्ट लावून वीस-बावीस वायरी चिकटवतो. तेलकट त्वचेवर वायर नीट धरत नाही. मग आलेखात खरखर येते, आणि झोपलेल्या मुलाची वायर पुन्हा लावायला गेलं की ते उठतं. घट्ट वेण्या घालू नका, केस मोकळे ठेवा. जावळ काढावं का, असं अनेक जण विचारतात. गरज नाही.

झोप. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी त्याच्या नेहमीच्या दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या. मोठ्या मुलाला रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवायला सांगतात. किती, ते लॅबला विचारा. ज्यांना जागरणाने लगेच फिट येते त्यांच्याबाबतीत डॉक्टरांना विचारूनच. सगळ्यांत मोठा घात होतो तो वाटेत. पहाटे उठवलेलं मूल रिक्षात किंवा लोकलमध्ये दहा मिनिटं डुलकी घेतं आणि माझ्यासमोर टक्क जागं बसतं. बरोबर दोन माणसं या. एकाने गाडी किंवा सामान बघायचं, दुसऱ्याने मुलाला जागं ठेवायचं.

औषधं. रोजची फिटची गोळी ईईजी आहे म्हणून बंद करू नका, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं नसेल तर. काय दिलं आणि किती वाजता, ते कागदावर लिहून आणा. चहा, कॉफी, चॉकलेट देऊ नका. बाकी जेवण, दूध नेहमीसारखं, पण झोपेचं औषध द्यायचं असेल तर किती वेळ आधी खाणं थांबवायचं ते विचारून घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ट्रायक्लोफॉसचं सिरप देतात, काही ठिकाणी मेलाटोनिन. हे घरून पाजून आणू नका. डोस वजनावर ठरतो आणि तो तज्ज्ञांच्या नजरेखालीच द्यायला हवा. घोरणं, मोठे टॉन्सिल, सर्दी-कफ, हृदयाचा त्रास असेल तर औषधाआधीच सांगा.

स्पर्श न चालणारी मुलं. ऑटिझमची लक्षणं असलेल्या मुलांना डोक्याला हात लावलेलाच खपत नाही. आठवडाभर आधीपासून घरी खेळता खेळता सराव करा. कंगव्याने भांग पाडा, मऊ टोपी घाला, कपाळाला कापडी चिकटपट्टी लावा, आधी बाहुलीला, मग आईला, मग मुलाला. त्याची रोजची चादर, उशी, अंगाई किंवा व्हिडिओ सोबत आणा. लॅबला आधी फोन करून सांगितलंत तर कमी गर्दीची वेळ मिळू शकते. आणि मशीन शरीरात करंट सोडत नाही, फक्त नोंद घेतं. हे आजीआजोबांनाही सांगून ठेवा, कारण ‘शॉक देणार का?’ हा प्रश्न दारातच येतो.

खोलीत काय होतं

मूल आधी थोडा वेळ जागं हवं असतं. त्यातच डोळे उघड-मीट, जमत असेल तर फुंकर मारणं आणि लुकलुकणारा दिवा दाखवणं होतं. मग दिवा मंद करतो. तुम्ही शेजारी बसून थोपटू शकता, फक्त डोक्याला आणि वायरींना हात नको. मोबाइल दूर ठेवा.

पालकांना मी स्क्रीनकडे पाहू देते, पण तोंडाने निदान सांगत नाही, सांगूही नये. तरी काय दिसतं ते इथे लिहिते. जागेपणी डाव्या बाजूच्या ओळींत अधूनमधून एखादं टोक. मुलाचे डोळे जड होतात, ओळी सपाट होतात, बारीक चात्यांसारख्या लहरी येतात ज्यांना स्पिंडल म्हणतात. त्या दिसल्या की झोप लागली. एरवी त्यानंतर संथ मोठ्या लाटा शांतपणे पसरतात. स्वास असलेल्या मुलात तेवढ्यात टोकं दाटायला लागतात, पुढच्या पानावर आणखी, आणि मग पानामागून पान तसंच. मूल मात्र तोंड उघडं टाकून निवांत झोपलेलं असतं. हे पाहून एखाद्या आईचे डोळे भरून येतात. तिला त्या वेळी मी एवढंच म्हणते की जे आहे ते दिसलं हे बरं झालं, आता डॉक्टरांना त्यावर काम करता येईल.

रिपोर्ट हातात आल्यावर

‘स्पाइक-वेव्ह इंडेक्स’ हा आकडा शोधा. गाढ झोपेचे सेकंद मोजायचे आणि त्यातल्या किती सेकंदांत स्पाइक-वेव्ह आहे ते टक्क्यांत सांगायचं, असा तो ढोबळमानाने काढतात. पूर्वी ८५ टक्क्यांच्या वर असेल तरच ईएसईएस म्हणत. आता साधारण ५० टक्के किंवा जास्त असेल आणि सोबत मूल मागे गेलं असेल, तर स्वासचा विचार करतात. मोजण्याच्या पद्धती लॅबनुसार बदलतात. एका ठिकाणचे ६० आणि दुसरीकडचे ७० यांची तुलना करून बिघडलं असं ठरवू नका. आकडा लिहिलेलाच नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि मूळ रेकॉर्डिंगची सीडी किंवा पेनड्राइव्हवर प्रत मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर कागदाच्या एका पानापेक्षा तीच कामाला येते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. स्पाइक दिसला म्हणजे औषध हवंच असं नाही. ज्यांना काहीच त्रास नाही अशा शंभरातल्या दोन-तीन मुलांच्या ईईजीतही स्पाइक सापडतात, आणि जनुकीय आजार असलेल्या मुलांमध्ये तर ते बरेचदा असतात. मूल शिकतंय, पुढे सरकतंय, फिट नाहीत, तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगू शकतात. तो निष्काळजीपणा नव्हे.

जनुकाचा रिपोर्टही याच फाइलमध्ये असू द्या. त्यात बदल ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) लिहिलाय, ‘लाइकली पॅथोजेनिक’ (बहुधा आजार घडवणारा) की ‘व्हीयूएस’, ते बघा. व्हीयूएस म्हणजे या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावरून मुलाला तोच आजार आहे असं धरून चालू नका. आईवडिलांचं रक्त तपासल्यावर चित्र बरंचसं स्पष्ट होतं. पुढच्या बाळाचा विचार असेल तर त्याआधी जेनेटिक काउन्सेलरला जरूर भेटा.

उपचारांबद्दल बोलताना

स्वासवर डॉक्टर प्रामुख्याने स्टिरॉइड, क्लोबाझॅमसारखी औषधं, व्हॅल्प्रोएट, इथोसक्सिमाइड, लेव्हेटिरासिटॅम, सल्थियम यांचा विचार करतात. काही मुलांना किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहार देतात, आणि मेंदूच्या एकाच बाजूला जुनी इजा असेल तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो. यातलं सर्वांत चांगलं कोणतं, याचं ठाम उत्तर अजून नाही. युरोपात स्टिरॉइड आणि क्लोबाझॅमची थेट तुलना करणारी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. पुरेशी मुलं न मिळाल्याने ती ४५ मुलांवरच थांबवावी लागली. स्टिरॉइडच्या गटात काही मुलांचा बुद्ध्यंक चांगला वाढलेला दिसला, पण एवढ्या कमी संख्येवर नियम करता येत नाही. म्हणून एका डॉक्टरांनी एक आणि दुसऱ्यांनी दुसरं सुचवलं तर कुणीतरी चुकतंय असं समजू नका.

कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन ही फिटची नेहमीची औषधं काही मुलांमध्ये झोपेतले स्पाइक वाढवू शकतात. त्याच वेळी एससीएन-टू-ए किंवा केसीएनक्यू-टूच्या काही मुलांना यांचाच गुण येतो, तर एससीएन-वन-ए मुळे होणाऱ्या ड्रावे सिंड्रोममध्ये ती टाळतात. जनुकाचं नाव कळण्याचा फायदा इथे प्रत्यक्ष दिसतो. पण म्हणून हे वाचून घरी गोळी बंद करू नका. अचानक बंद केलेल्या गोळीने लांबलेली फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारा: ‘याचं जनुक अमुक आहे आणि झोपेतला ईईजी असा आहे, तर हे औषध चालेल ना?’

स्टिरॉइड सुरू झालं तर वजन, बीपी, साखर, पोटातली जळजळ यांवर लक्ष ठेवायला सांगतील. ताप आला किंवा लस द्यायची असेल तर आधी फोन करा. डोस उतरवतानाचा तक्ता फ्रिजवर चिकटवा. स्टिरॉइड एकदम थांबवायचं नसतं. क्लोबाझॅमने पेंग आणि लाळ वाढू शकते.

आणि एक प्रश्न न चुकता विचारा: ‘गुण आलाय हे कशावरून ठरवायचं?’ स्पाइक घटले पण मूल तिथेच आहे, किंवा मूल सुधारलंय पण ईईजी तसाच आहे, दोन्ही होतं. औषध सुरू करण्याआधी भाषेची आणि बौद्धिक चाचणी झाली असेल तर पुढची तुलना प्रामाणिक होते. वयात येण्याच्या सुमारास झोपेतले हे स्पाइक बहुतेक मुलांमध्ये आपोआप ओसरतात, फिटही कमी होतात. गमावलेलं सगळं मात्र परत येतंच असं नाही. ‘मोठा झाला की जाईल’ या भरवशावर मधली वर्षं सोडून द्यायची नाहीत, ती यासाठी.

सोबत चालू ठेवायचं ते

औषधांचा परिणाम दिसेपर्यंत स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) थांबवू नका. बोलणं समजत नसलेल्या मुलाला चित्रं, खुणा, वस्तू दाखवून सांगा. त्याने बोलणं मागे पडत नाही. कानाच्या आणि भाषेच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र) चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती चालतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, भाषा-वाचा दोष आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार त्यात येतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून ठेवा. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

पुढचा ईईजी कधी, ते डॉक्टर सांगतील. तो शक्यतो त्याच लॅबमध्ये, दिवसाच्या त्याच सुमाराला, तशाच झोपेत करून घ्या, नाहीतर तुलना फसते. येताना मागच्या रिपोर्टची झेरॉक्स, सध्याच्या औषधांचे डोस, शेवटचा डोस किती वाजता दिला ते, आणि गेल्या वेळेनंतर मुलात काय बदललं याच्या दोन ओळी आणा: ‘दोन शब्दांची वाक्यं परत सुरू झाली, पण हाक मारली की अजून वळत नाही’, अशा. मी त्या रेकॉर्डिंगच्या वरच्या रकान्यात जशाच्या तशा उतरवते, आणि ईईजी वाचणारे डॉक्टर पहिल्यांदा तेच वाचतात.